साइमीच्या आईची आरास

हालापा, ६ नोव्हेंबर

साइमी पोरी,

फोटो मोठा करून घेतला त्याचे साठ पेसो. चौकटीचे फोटोवाला दीडशे सांगत होता, एकशे दहाला दिली. झेंडू फुलवाल्या उलिसेसने निम्म्या किमतीत टाकला, सार्डिन माशांचा डबा बत्तीसचा. म्हणजे हे सगळं स्वस्तातच झालं म्हणायचं. हा झाला दुकानदाराचा हिशेब. खरा हिशेब असा, की चाबेलाने दोन तारखेपासून मला, स्वतःच्या नवऱ्याला, सकाळची कॉफी दिलेली नाही, वरच्या मजल्यावरची तुझी खोली रिकामी आहे, आणि आपल्या रोट्यांच्या दुकानात रांगेपाशी मी गेलो की बायका बोलायच्या थांबतात. मी जन्मभर त्या रांगेतलं बोलणं ऐकून शहाणा झालेला माणूस. मला पाहून रांग गप्प बसते, ही शिक्षा काय असते ते तुला सांगून कळायचं नाही.

तुझी बाजू मला मान्य आहे. आता जरा माझीही ऐक.

तुझ्या टेबलावर एका बाईंचा फोटो. पुढे मेणबत्ती, तू रोज दिवेलागणीला ती लावायचीस. शेजारी वाळलेल्या फुलांची जुडी, दोऱ्याने बांधलेली. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही शेंबड्या पोराला हे दाखव आणि विचार, काय आहे म्हणून. तो आधी डोक्यावरची टोपी काढेल. सप्टेंबरात चाबेलाने जेवताना तुला सहज विचारलं होतं, "आणि आई काय करते गं तुझी?" तर तुझे डोळे भरले आणि तू ताट उचलून मोरीकडे गेलीस. पुन्हा तो विषय आमच्या घरात कोणी काढला नाही. आता तूच सांग, मी काय समजायचं?

तुमच्याकडे अंधार फार असतो म्हणून लोक नुसत्याच मेणबत्त्या लावतात, कॉफी पितानासुद्धा लावतात, हे मला विद्यापीठाच्या कचेरीतल्या बाईंनी परवा फोनवर सांगितलं. आमच्याकडे मेणबत्ती देवासाठी, मेलेल्यांसाठी आणि वीज गेली तर. चौथं कारण आम्हाला ठाऊक नाही.

मी इतकाच विचार केला, की पोरगी घरापासून एवढी लांब, आणि मृतांचा सण आला. सगळ्यांची माणसं त्या दिवशी घरी येतात, हिच्या आईने कुठे जायचं? ती बिचारी तिकडे फिनलंडात दार वाजवणार आणि आत मुलगीच नाही. म्हणून म्हटलं, बाईंना इकडेच बोलावू. आराशीत फोटो मांडले ते माझे वडील, चाबेलाची आई, तिची बहीण, आणि त्यांच्याबरोबर तुझी आई. कॉफी ठेवली, तुला आवडते म्हणजे त्यांनाही आवडत असणार. तुमच्याकडे मासे खातात म्हणून सार्डिन ठेवले. यात वाईट हेतू कुठे आहे ते मला कोणी दाखवून द्यावं.

माझ्या घरात राहून गेलेल्या एकाही पोराला कधी परकं वाटलेलं नाही. तो कोरियाचा मुलगा अजून चाबेलाला फोन करून विचारतो, मोलेच्या रश्शात मिरची आधी भाजायची की आधी भिजवायची. शिकायला आलेली मुलं म्हणजे भाडेकरू नव्हेत, हे मी पहिल्यापासून मानत आलो आहे.

फोटो तुझ्या देखत खाली काढला. झालं ते झालं. तुझी मैत्रीण राहते ती खोली ओलीची आहे, मला ते घर ठाऊक आहे. तू अभ्यासतेस त्या रानातल्या नेच्यांना ओल चालत असेल, माणसांना चालत नाही. परत ये. भुरभुर पाऊस सुरू झालाय आणि तुझी छत्री इथेच राहिली आहे.

तुझा
फिदेन्सियो ओलार्ते


हालापा, ११ नोव्हेंबर

साइमी,

काल कचेरीतून बोलावणं आलं होतं. परदेशी विद्यार्थ्यांचं पाहणाऱ्या त्या ग्रिसेल्दाबाई. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. त्यांनी बसा म्हटलं, पाणीसुद्धा विचारलं नाही.

"दॉन फिदेन्सियो, तुम्ही तिच्या खोलीत कसे गेलात?"

"दारातून गेलो, बाई."

"दाराला कुलूप होतं."

"किल्ली माझ्याकडे असते. घर माझं आहे."

"घर तुमचं. खोली तिची होती."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. खिडकीतून पाणी येतं की नाही ते पाहायला गेलो होतो, असं सांगणार होतो. तुलाही मागच्या पत्रात मी खोलीत गेल्याचं लिहिलं नव्हतं, फोटो जसा काही आपण होऊन जिना उतरून खाली आला. तर ऐक. तू वर्गाबरोबर रानात गेलीस त्याच दिवशी मी कुलूप उघडलं. फोटो उचलला, सदऱ्याच्या आत घातला, मोठा करून आणला आणि होता तसा परत ठेवला, कोपऱ्यातली धूळसुद्धा बोटाने पुन्हा पसरली. चोर करतो तसं. चांगलं काम करणारा माणूस धूळ पसरत बसत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग बाई म्हणाल्या, "त्या मुलीला काय वाटलं असेल, याचा विचार केलात?"

"वाईट वाटलं असणार, बाई. जिवंत माणसाचा फोटो म्हणजे..."

"वाईट वाटलं नाही. तिला वाटलं, आई गेल्याचा निरोप आलाय."

खरं सांगू? मला ते ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी ठाऊक झालं होतं. पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकेपर्यंत मी त्याच्यावर सार्डिनचा डबा ठेवून बसलो होतो.

दोन तारखेला संध्याकाळी तू दारातून आलीस. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर ती मोठी पिशवी. उंबऱ्यापासून पसरलेल्या पाकळ्या पाहून हसलीस आणि त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत आलीस. खोलीत शेजारपाजार उभा. वस्तीत प्रार्थना सांगणारी दोन्या तेंचा जपमाळ घेऊन पुढे, तिची प्रार्थना अर्ध्यावर आलेली. मी हात पसरून म्हणालो, "ये पोरी, बघ कोण आलंय!"

तू फोटो पाहिलास. आणि अगदी हळू विचारलंस, "फोन कोणाचा आला होता?"

"कसला फोन? कोणाचा नाही. हे सगळं मी केलं!" छाती पुढे काढून म्हणालो, साइमी. छाती पुढे काढून.

तू पुन्हा तेच विचारलंस. तेव्हा चाबेलाने धुपाचा वाडगा खाली ठेवला. ती म्हणाली, "बाळा, तुझी आई... आहे ना?" रानात तुझा फोन चालत नव्हता, आणि त्या दिवसांत काय काय होऊन गेलं असेल ते तू पाहत होतीस. चिखलाच्या अंगठ्याने तू फोनची काच पुसत होतीस, नंबर लागत नव्हता, मग लागला, आणि तिकडे कोणी उचलेना. तुमच्याकडे तेव्हा सगळे झोपलेले. सगळी खोली ती रिंग ऐकत उभी होती. माझे कान फार तीक्ष्ण आहेत म्हणून मी फुशारकी मारतो. त्या वेळी ते नसते तर बरं झालं असतं.

शेवटी कोणा पुरुषाचा आवाज आला, झोपेतला. तुझे वडील. तू एकच काहीतरी विचारलंस. त्यांनी एकच काहीतरी सांगितलं. आणि तू आराशीपुढे काच फुटावी तशी खाली पाकळ्यांत बसलीस. तुमच्या भाषेतलं मला अक्षर कळत नाही, पण ते कळलं. मग फोन कानाला धरूनच तू आत गेलीस.

नंतर तू स्वयंपाकघरात चाबेलाला सांगत होतीस ते मी दाराआडून ऐकलं. आईच्या हृदयाचं ऑपरेशन, एकोणीस तारखेला. तिचं म्हणणं होतं की तोवर जाऊ नकोस. तू भांडून निघालीस, आणि तेव्हापासून दोघी बोललेल्या नव्हत्या. म्हणून डोळे भरले होते. म्हणून मेणबत्ती.

दोन्या तेंचाला मी विचारलं, यावर काही उपाय? ती म्हणाली, "जिवंत माणसाला मेलेल्यांत बसवलंस, फिदेन्सियो. तिकडच्यांना पत्ता देऊन ठेवलास."

"मग तो पत्ता परत मागव."

"मी काय टपालखातं आहे? इतकी वर्षं आरास मांडतोस, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय फोटो लावत नाहीत हे तुला मी सांगायचं? कुत्र्याचा फोटो लावायचा तरी लोक मालकाला विचारतात!"

तिचं ऐकून मी झोपलो नाही. मी काही भोळा नाही, कोआतेपेकच्या कॉफीच्या वखारीत पोती उचलून वर आलेला माणूस आहे. पण एकोणीस तारखेला किती दिवस उरले, ते मी रोज बोटांवर मोजतो आहे.

एक मात्र तुला सांगून ठेवतो. मी चुकलो तर चिठ्ठ्या लिहून पळणारा नाही. वखारीत एकदा माझ्या हातून काटा चुकला, चाळीस पोती कमी भरली गेली. सगळे म्हणाले गप्प बस. मी मालकाच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो, सगळ्यांदेखत, आणि म्हटलं, मी चुकलो. आजवर फिदेन्सियोने कोणापासून तोंड लपवलं असं या शहरात एक माणूस म्हणणार नाही. तू तुझ्या वस्तू न्यायला तरी येशीलच. कधीही ये. दार मी उघडेन, आणि तुझ्यासमोर उभा राहून, तुझ्या डोळ्यांकडे पाहून, काय म्हणायचं ते म्हणेन.

फिदेन्सियो


हालापा, १८ नोव्हेंबर

साइमी,

उद्या एकोणीस.

तू उत्तर देत नाहीस हे बरोबर आहे. कारण मागच्या दोन्ही पत्रांत मी खरं सांगितल्याचा आव आणून अर्धंच सांगितलं. आज उरलेलं सांगतो. माझ्यासाठी नाही. उद्या तुझी आई ऑपरेशनच्या टेबलावर असताना माझ्या घरात काही दडवलेलं नसावं, एवढ्यासाठी. हे मूर्खासारखं वाटत असेल तर वाटू दे.

चाबेलाने मला सांगितलं होतं. फोटो घरी आणला त्या दिवशीच. भांडी घासता घासता, मागे वळूनही न बघता म्हणाली, "तिला विचारलंस?"

"विचारलं तर गंमत काय राहिली?"

"आई गेल्याची गंमत?"

"अगं, तिला आनंद होईल!"

"मग आनंदाने विचार. येईपर्यंत थांब. फोटो काय पळून जातोय?"

मी म्हणालो, तुला कळत नाही. तीस वर्षं संसार केला, त्यात हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलं असेल कोण जाणे, आणि बहुतेक वेळा कळत मलाच नव्हतं.

का थांबलो नाही, ते आता सांगतो. आमच्या वस्तीत आराशींची स्पर्धा असते. तुला माहीत नसेल, मी मुद्दाम बोललो नव्हतो. दर वर्षी तो चांभारगल्लीचा रेमिहियो पहिला येतो, कारण त्याचे पणजोबा क्रांतीत मेले आणि तो त्यांची बंदूक मांडतो. माझ्याकडे काय? बाप पोती उचलता उचलता मेला, त्याची कुठली बंदूक. यंदा माझ्याकडे फिनलंडच्या बाई होत्या.

मी रांगेत सांगत सुटलो, साइमी. रोट्या मोजून देताना प्रत्येकीला. "दोन तारखेला या. समुद्रापलीकडून एक आत्मा आमच्याकडे येतोय." बायका म्हणायच्या, "अगं बाई! त्यांना वाट सापडेल?" मी म्हणायचो, "मुलगी आमच्याकडे आहे, सापडेल." त्या डोळे पुसायच्या आणि मला बरं वाटायचं. खालच्या वस्तीतून लोक आले. एका बाईने आपली लेकरं आणली, परदेशातली मेलेली बाई दाखवायला. कोणी विचारलं, नाव काय त्यांचं? दोन्या तेंचालाही प्रार्थनेत नाव हवं होतं. मी म्हटलं, मारिया. तेंचा म्हणाली, "तिकडेही मारियाच?" मी म्हटलं, "मारिया नाही असा देश दाखव." लोक हसले. तुझ्या आईच्या नावावर लोक हसले आणि ते मी हसवले.

तुला संध्याकाळी साडेसहापर्यंत घरी पोचव, असं मी तुझ्या वर्गाच्या ड्रायव्हरला फोन करून सांगितलं होतं. परीक्षक सातला येणार होते. तू पाकळ्यांवरून चालत येशील, फोटो पाहशील, रडशील, आणि नेमके ते दारात उभे असतील. मी हे सगळं मनात मांडलं होतं, आधी फुलं, मग पाव, मग तू. तुझ्या रडण्यालाही मी आराशीत जागा ठेवली होती.

आणि सगळ्यात शेवटचं. हे चाबेलाही मोठ्याने बोलत नाही. तू मैत्रिणीबरोबर निघून गेलीस, अंगावर तोच चिखल. शेजारी एकेक करून पाय काढते झाले. पाऊण तासाने परीक्षक आले, उशीर झाला म्हणून माफी मागत. मी त्यांना परत पाठवायला हवं होतं. मी म्हणालो, "या, या." फोटो काढला होता तिथे भोक पडल्यासारखं दिसत होतं. एकाने विचारलं, "इथे कोण?" मी म्हणालो, "ज्यांना घर नाही अशा सगळ्या मृतांसाठी ही जागा रिकामी ठेवली आहे." जागच्या जागी सुचलं मला. त्यांनी माना डोलावल्या, एकाने तर टिपूनही घेतलं.

तिसरं बक्षीस मिळालं. मिक्सर आहे. रविवारी चौकात नाव पुकारलं तेव्हा मी पुढे गेलो आणि हसून तो घेतला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्यांनीच, पण वाजवल्या. डबा कपाटावर आहे. चाबेला अजून पाट्यावरच वाटते आहे, आणि नेहमीपेक्षा जोरात वाटते.

फोटोचं काय करायचं, तेही मला कळत नाही. जाळता येत नाही, फेकता येत नाही, भिंतीवर लावायचा हक्क नाही. मी तो कोऱ्या कापडात गुंडाळून कपड्यांच्या फडताळात उभा ठेवला आहे. आडवा ठेवावासा वाटला नाही.

उद्या पहाटे दुकान उघडणार नाही. लोकांना रोट्यांचं यंत्र बिघडलंय असं सांगेन.

फि.


हालापा, २४ नोव्हेंबर

साइमी,

एकोणीस होऊन गेली. काय झालं ते मला ठाऊक नाही आणि विचारायला तोंड नाही.

चाबेलाला ठाऊक असावं. ती तुला भेटते, हे मला तिच्या चपलांना लागलेल्या लाल मातीवरून कळतं, ती माती तुझ्या मैत्रिणीच्या गल्लीतच आहे. पण तिच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नाही. मी काल म्हटलं, "चाबेला, एवढंच सांग, बरं की वाईट." ती म्हणाली, "तिला विचार, असं मी तुला तेव्हा म्हटलं होतं ना? विचारलं नाहीस. मग आता तू मला विचारू नकोस."

परवा मी तुमच्या खिडकीखालून गेलो. एकदाच. आत कोणीतरी हसत होतं. तू होतीस का तुझी मैत्रीण, ते ओळखता आलं नाही. तुला मी कधी मोठ्याने हसताना ऐकलंच नाही, मग ओळखणार कसा.

देवळातही गेलो होतो. गुडघे टेकले आणि अडलो. कोणासाठी मागायचं? मारियासाठी? इतके महिने तू माझ्या घरात जेवलीस. तुला कांदा कसा लागतो, तू जिन्याच्या कुठल्या पायरीवर बूट काढतेस, परीक्षा वाईट गेली की किती वेळ आंघोळ करतेस, सगळं मला पाठ. आणि तुझ्या आईचं नाव मी एकदाही विचारलं नाही. तसाच उठून आलो.

फि.


हालापा, ९ डिसेंबर

साइमी,

तू विमानतळावर जाण्याआधी चाबेला हे पत्र तुझ्या हातात देईल. ते वाचलंस तर बरं, नाही वाचलंस तरी मी लिहिलं आहे.

आज सकाळी तू आलीस. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीचा गळता नळ बघत होतो. खाली दार वाजलं आणि चाबेला "बाळा!" म्हणाली. आमच्या घराचं छत पातळ आहे, स्वयंपाकघरातलं सगळं वर ऐकू येतं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझं बोलणं किती सुधारलंय. आली होतीस तेव्हा शब्द मोजून मोजून ठेवायचीस, आज सलग बोलत होतीस. चाबेलाने विचारलं, आई कशी आहे? आणि तू म्हणालीस, "घरी आली. हळूहळू चालते. जिना चढू देत नाहीत म्हणून चिडते." मी टाकीला टेकून खाली बसलो. हातातला पाना मी अगदी अलगद खाली ठेवला, आवाज होऊ नये म्हणून.

मग तू म्हणालीस, त्या दिवशी फोनवर वडिलांनंतर आई आली. झोपेतून उठून. ऑगस्टपासून पहिल्यांदा तुम्ही दोघी बोललात. चाबेलाचा जीव हलका झाल्यासारखा वाटला, ती म्हणाली, "म्हणजे त्यातून काही चांगलंही..."

"नाही," तू म्हणालीस. "तसं म्हणू नका, दोन्या चाबेला. आम्ही बोललो ते आमचं आम्ही बोललो. ते त्यांचं नाही."

बरं केलंस. कारण वर बसून मी तेच माझ्या खात्यावर लिहायला निघालो होतो. तू "बोललो" म्हणण्याआधीच माझ्या मनात वाक्य तयार होतं, उद्या रांगेत कसं सांगायचं ते.

चाबेलाने तुला फडताळातला फोटो आणून दिला. कापड सोडल्याचा आवाज आला. मग तू म्हणालीस, "छान मोठा केलाय." आणि तुम्ही दोघी हसलात. थोडंसंच. तुझं हसणं आता मी ओळखेन.

"त्याची पत्रं वाचलीस का गं?"

"वाचली. शब्दकोश घेऊन. ते लिहितात छान. मला राग येतो, इतकं छान लिहितात."

"मलाही येतो," चाबेला म्हणाली.

"ते आहेत का घरी?" तू विचारलंस. "मला त्यांना काहीतरी सांगायचंय. मी पाठ करून आले आहे. पत्रात नको, तोंडाने सांगायचंय. त्यांनीच लिहिलं होतं, समोर उभे राहीन म्हणून."

काय सांगणार होतीस ते मला ठाऊक नाही. क्षमा केली असं, की कधी करणार नाही असं. आवाजावरून कळलं नाही, आणि आवाजावरून मला सगळं कळतं असं मी म्हणत आलो आहे. जिना माझ्यापासून चार हातांवर होता. मी उठलो. पहिल्या पायरीपर्यंत गेलो. तिथून मला तुझी पाठीवरची पिशवी दिसली, तीच, चिखल धुतलेली.

खाली चाबेला छताकडे बघत असणार. तिला ठाऊक होतं. तिने थोडा वेळ दिला मला, मला तो कळला. भांड्यात चमचा फिरवल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"बाजारात गेलेत," शेवटी ती म्हणाली. "येतील कदाचित. थांबतेस?"

"थांबते," तू म्हणालीस.

तू थांबलीस. कॉफी प्यायलीस, मग दुसरा कप घेतलास. चाबेलाने तुला नेच्यांबद्दल विचारलं आणि तू सांगत बसलीस, कुठला कुठल्या झाडावर उगवतो. मध्ये मध्ये तू गप्प व्हायचीस, दाराकडे कान देऊन. मग म्हणालीस, "बरं, निघते मी." चाबेलाने तुझी छत्री दिली. टॅक्सीचं दार लागलं. गाडी उतारावरून खाली गेली आणि वळली.

मी बाजारात नव्हतो, साइमी. तू वळणापार गेल्याशिवाय मी गच्चीवरून खाली उतरलो नाही.

फिदेन्सियो